मागचं सस्पेन्शन बदलताना : वजन स्प्रिंगचं, हालचाल शॉकची

मागच्या सीटवर तिघं बसले आणि डिकी भरली की गाडीचा मागचा भाग खाली बसतो. गतिरोधकावरून उतरताना खालून धप्पकन आवाज येतो. वेगात लेन बदलली, तर गाडी सरळ झाल्यावरही मागचा भाग एकदा जास्तीचा डोलतो. या तिन्ही तक्रारींवर बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो : मागचे शॉक (शॉक अब्सॉर्बर) बदला, चांगल्या कंपनीचे टाका. खरं पाहता पहिल्या तक्रारीशी शॉकचा संबंध जवळजवळ नाही, दुसरीशी अर्धामुर्धा आहे आणि तिसरीशी मात्र थेट आहे. चुकीचा भाग बदलला की पैसे जातात, पण त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे गाडी वळणावर आणि ब्रेक दाबल्यावर वेगळी वागू लागते, आणि हे चालवणाऱ्याला ऐनवेळी कळतं. म्हणून बाहेरच्या कंपनीचे शॉक-स्प्रिंग घेण्याआधी कोण काय करतं हे समजून घेण्यात तासभर घालवावा.

दोघांची कामं

स्प्रिंग गाडीचं वजन उचलते. ती जेवढी दाबाल तेवढ्या प्रमाणात उलट ढकलते. रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम तो हाच. एखादी स्प्रिंग १ मिलिमीटर दाबायला २० न्यूटन बल लागत असेल तर १० मिलिमीटर दाबायला २०० न्यूटन लागेल. हा ‘मिलिमीटरला इतके न्यूटन’ आकडा म्हणजे स्प्रिंगचा रेट, आणि स्प्रिंग विकत घेताना विचारायचा पहिला आकडाही तोच. मात्र स्प्रिंग दाबताना घेतलेली ऊर्जा जवळपास सगळी परत देते. त्यामुळे नुसत्या स्प्रिंगांवर उभी असलेली गाडी एका खड्ड्यानंतर बराच वेळ वरखाली होत राहील.

ती हालचाल शमवणं हे शॉकचं काम. त्याच्या नळीत तेल असतं, तेलात दट्ट्या, आणि दट्ट्यात बारीक वाटा व पातळ पोलादी चकत्यांचे व्हॉल्व्ह. सुई काढलेली सिरिंज पाण्यात धरून दट्ट्या हळूच ओढला तर तो सहज येतो, झटक्यात ओढला तर अडतो. शॉकही तसाच वागतो : हालचाल जितकी वेगवान तितका विरोध जास्त, आणि हालचाल थांबली की विरोधही शून्य. उभ्या गाडीत शॉक काहीच करत नसतो. मग सामानाच्या वजनाने गाडी बसत असेल तर नवा शॉक तिला उचलणार कसा? खड्ड्यांतली ऊर्जा तो तेलात उष्णतेच्या रूपाने जिरवतो, म्हणून खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकची नळी हाताला गरम लागते.

याला एक छोटा अपवाद आहे. जास्त दाबाचा वायू भरलेल्या शॉकमध्ये तो वायू दट्ट्याच्या दांडीला सतत बाहेर ढकलत असतो. दाब २५ बार आणि दांडी १२ मिलिमीटर जाडीची असेल तर हा रेटा सुमारे २८० न्यूटन, म्हणजे साधारण २८ किलोंइतका होतो. त्यामुळे गॅसचे शॉक टाकल्यावर गाडी किंचित उचललेली दिसू शकते. भरलेल्या डिकीच्या मानाने ही मदत अगदी किरकोळ आहे.

दुसरा अपवाद मोठा आहे आणि तो माहीत नसला तर फसगत होते. काही गाड्यांना मागे उंची आपोआप सांभाळणारे शॉक कारखान्यातूनच येतात. साक्स कंपनीचा निवोमॅट हे त्यातलं ठळक उदाहरण. गाडी चालू लागली की रस्त्याच्या हेलकाव्यांवरच तो स्वतःत दाब तयार करतो आणि वजनाचा काही भाग स्वतः पेलतो. म्हणून अशा गाडीच्या स्प्रिंगा मुळातच मऊ असतात. तिथे साधा शॉक बसवला तर गाडी मागून बसणारच, मग शॉक कितीही महागडा असो. तिथे स्प्रिंगाही सोबत बदलाव्या लागतात.

स्प्रिंगचा हिशेब

एक उदाहरण धरू. मागच्या एका चाकावर स्प्रिंगने पेललेलं वजन २५० किलो आहे, आणि चाकाशी मोजलेला स्प्रिंगचा रेट मिलिमीटरला २० न्यूटन. रिकाम्या गाडीत ही स्प्रिंग सुमारे १२३ मिलिमीटर दबलेली असेल. माणसं आणि सामान मिळून त्या चाकावर आणखी १०० किलो आले की ती ४९ मिलिमीटर अजून दबेल. जवळपास पाच सेंटिमीटर! मागचं चाक वर यायला एकूण जेवढी जागा असते, त्यातला हा मोठा हिस्सा आहे. म्हणून भरलेली गाडी गतिरोधकावर शेवटच्या रबरावर (बंपस्टॉपवर) आपटते.

आता २५ टक्के कडक, पण तेवढ्याच मोकळ्या लांबीची स्प्रिंग टाकली. रेट झाला २५. त्याच १०० किलोंना गाडी आता ३९ मिलिमीटर बसते, म्हणजे फायदा फक्त १० मिलिमीटरचा. एवढी कडक स्प्रिंग टाकून इतकंच, असं वाटेल. पण नवी स्प्रिंग रिकाम्या गाडीतही कमी दबते, त्यामुळे गाडी सुरुवातीलाच २५ मिलिमीटर वर उभी राहते. दोन्ही मिळून भरलेली गाडी आधीपेक्षा सुमारे ३४ मिलिमीटर उंच राहील. वाढलेल्या उंचीचा बराचसा भाग उभ्या अवस्थेतूनच येतो, कडकपणाचा वाटा लहान असतो. जाहिरातीत ‘इतके मिलिमीटर लिफ्ट’ लिहिलेलं असतं, तेव्हा तो आकडा रिकाम्या गाडीचा की भरलेल्या, हे जरूर विचारावं.

यात आणखी एक गुंता आहे. बऱ्याच गाड्यांत मागची स्प्रिंग चाकाच्या बरोबर वर नसते, ती चाकाला गाडीशी जोडणाऱ्या आर्मवर थोडी आत किंवा पुढे बसवलेली असते. चाक १०० मिलिमीटर वर गेलं तर स्प्रिंग समजा ७० मिलिमीटरच दबते. मग स्प्रिंगचा कडकपणा चाकापाशी ०.७ पट नाही, ०.७ गुणिले ०.७ म्हणजे सुमारे निम्माच जाणवतो. तरफेमुळे एकदा हालचाल कमी होते आणि एकदा बल. आपल्या उदाहरणातली २० ही चाकाजवळची किंमत मिळायला प्रत्यक्ष स्प्रिंग ४० च्या आसपासची लागेल. त्यामुळे दोन वेगवेगळ्या मॉडेलांच्या स्प्रिंगांचे आकडे शेजारी ठेवून ‘ही जास्त कडक’ असं म्हणण्यात काही अर्थ नाही.

कडकपणा मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो : तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या वेटोळ्यांची संख्या. यांत तारेच्या जाडीचा परिणाम चौथ्या घातात होतो. बाकी सगळं तेच ठेवून १२ मिलिमीटरची तार १३ ची केली, तर स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक होते. डोळ्यांना हा फरक दिसतही नाही. वेटोळी कमी केली तरी कडकपणा वाढतो. सहा कामाच्या वेटोळ्यांतलं एक कापलं की वीस टक्के. गाडी खाली बसवायला स्प्रिंग कापतात तेव्हा हेच घडतं, आणि वर कापलेलं टोक आपल्या खोबणीत नीट बसत नाही. गॅसने तापवून स्प्रिंग दाबून आखूड करण्याचा प्रकार तर याहून वाईट, कारण पोलादाला मुद्दाम दिलेलं पाणी त्यात उतरतं. या दोन्ही गोष्टी कुणी कितीही सफाईने करून देतो म्हणाला तरी करू नयेत.

बाजारात दोन जाती मिळतात. एकीत सगळी वेटोळी सारख्या अंतरावर असतात आणि रेट शेवटपर्यंत एकच राहतो. दुसरीत काही वेटोळी दाट असतात. वजन वाढलं की ती एकमेकांना टेकून निकामी होतात आणि उरलेली स्प्रिंग कडक होत जाते. ज्याची गाडी कधी रिकामी, कधी पूर्ण भरलेली असते अशा कुटुंबाला दुसरी जात सोयीची पडते. गाडीवर कायमचं वजन असेल, म्हणजे मागे बसवलेली अवजारांची पेटी किंवा गॅसची टाकी, तर मी सरळ एकसारख्या रेटची, थोडी कडक स्प्रिंग निवडेन.

मधला मार्ग म्हणून वेटोळ्यांमध्ये अडकवायचे रबरी बफर विकले जातात. बफर ज्या वेटोळ्यांमध्ये बसतो ती जवळपास थांबतात आणि सगळं काम उरलेल्या वेटोळ्यांवर पडतं, त्यांवरचा ताणही वाढतो. थोड्या दिवसांची सोय म्हणून ठीक, कायमचा इलाज म्हणून नाही. स्प्रिंगच्या आत बसणारी हवेची पिशवी त्यापेक्षा चांगली, कारण वजन उतरल्यावर तिचा दाब कमी करता येतो. डाव्या-उजव्या पिशव्यांच्या नळ्या मात्र वेगळ्या ठेवाव्यात. एकाच नळीला जोडल्या तर वळणावर बाहेरच्या बाजूची हवा आतल्या बाजूला जाते आणि गाडी उलट जास्त कलते.

पाट्यांच्या, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवरच्या गाड्यांचं गणित थोडं निराळं आहे. पाटे एकमेकांवर घासतात आणि ते घर्षण स्वतःच काही प्रमाणात हालचाल शमवतं. एक पाटा वाढवला की रेट वाढतो, उंची वाढते आणि घर्षणही वाढतं, म्हणून रिकामी गाडी बारीक खड्ड्यांवर कडाकडा उडते. पाटे खोललेच तर ते अॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट नवे घालावेत. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तशीच पकड देत नाही.

गाडी उडते का, डोलते का

चाकं खड्ड्यातून गेल्यावर गाडीचं अंग सेकंदाला किती वेळा वरखाली होऊ पाहतं, हे वजन आणि स्प्रिंग मिळून ठरवतात. आरामदायी गाड्यांत हा वेग साधारण सेकंदाला एक ते दीड वेळा, खेळकर गाड्यांत दोनच्या दिशेने. आपल्या उदाहरणातली रिकामी गाडी १.४ च्या आसपास, भरलेली १.२. कडक स्प्रिंग टाकल्यावर रिकामी १.६ आणि भरलेली सुमारे १.३५. म्हणजे नव्या स्प्रिंगवरची भरलेली गाडी जवळजवळ जुन्या रिकाम्या गाडीसारखी चालेल, पण एकटा चालक असेल तेव्हा ती ठणठणीत लागेल. निवड इथे होते. महिन्यातून एकदा गाडी भरत असाल तर त्या एका दिवसासाठी बाकीचे सगळे दिवस ठोकर खायची का? माझं मत नाही असं आहे. रोज भरूनच चालवणाऱ्याला मात्र कडक स्प्रिंग घेणं योग्य ठरतं.

पुढची आणि मागची बाजू एकमेकांशी जुळवलेली असते, हेही लक्षात ठेवायला हवं. मॉरिस ओली या अभियंत्याने १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये यावर मूलभूत काम केलं. उंचवट्यावर आधी पुढची चाकं जातात, मागची थोड्या वेळाने. दोन्ही बाजू एकाच वेगाने हलल्या तर त्या मागेपुढे राहतात आणि गाडी नाव हेलकावल्यासारखी डोलते. मागची बाजू थोडी जलद हलणारी ठेवली की ती पुढचीला गाठते आणि अंग लवकर सपाट होतं. म्हणून बहुतेक गाड्यांत मागची बाजू मुळातच थोडी जलद असते. तिला आणखी बरंच कडक केलं तर हा मेळ बिघडतो आणि मागे बसलेल्यांना गचके बसू लागतात.

शॉकचा हिशेब

हालचाल एकाही जादा हेलकाव्याशिवाय थांबवायला जेवढा विरोध लागेल, त्याच्या सुमारे २० ते ४० टक्केच विरोध साध्या गाड्यांच्या शॉकमध्ये ठेवतात. पूर्ण ठेवला तर प्रत्येक खड्डा थेट पाठीत बसेल. समजा रिकाम्या गाडीत हा आकडा ३० टक्के आहे. गाडी भरली की शॉक तोच, पण वजन जास्त. आकडा आपोआप २५ वर येतो. वर कडक स्प्रिंग टाकली आणि शॉक जुनाच ठेवला तर तो २३ च्या खाली जातो. ‘नवी स्प्रिंग टाकली आणि गाडी उडायला लागली’ या तक्रारीचं मूळ इथे आहे.

पण याच गणितात एक दिलासाही आहे. स्प्रिंग २५ टक्के कडक झाली तर शॉकचा विरोध फक्त १२ टक्के वाढवावा लागतो, कारण तो वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे मध्यम कडक स्प्रिंगसोबत चांगल्या अवस्थेतला मूळ दर्जाचा नवा शॉक बहुधा पुरतो. शर्यतीच्या गाडीसारखा शॉक लागत नाही.

शॉक दबताना वेगळा विरोध करतो आणि उलगडताना वेगळा. बहुतेक गाड्यांत उलगडतानाचा विरोध दुप्पट-तिप्पट असतो. दबताना चाक उंचवट्यावर चढत असतं, तिथे जास्त अडवलं तर धक्का अंगात शिरतो. उलगडताना दबलेली स्प्रिंग गाडीला वर भिरकावू पाहते, तिथे अडवायचं असतं. मात्र हा विरोध प्रमाणाबाहेर झाला तर सलग खड्ड्यांवर स्प्रिंगला उलगडायला वेळच मिळत नाही, गाडी प्रत्येक खड्ड्यागणिक खाली खाली बसत जाते आणि शेवटी रबरावर आपटते. कडक शॉक टाकून गाडी जास्त आपटू लागली असेल तर हेच कारण असण्याची शक्यता मोठी.

शॉकला आणखी एक काम असतं, ते फारसं बोललं जात नाही. गाडीचं अंग सेकंदाला एक-दीड वेळा हलतं, तर चाक आणि अॅक्सल टायरच्या लवचिकपणावर सेकंदाला दहा-पंधरा वेळा थरथरतात. दोन्ही थांबवायची जबाबदारी एकाच शॉकवर आहे. खराब शॉकच्या गाडीत चाक रस्त्यावरून क्षणाक्षणाला उचललं जातं, ब्रेक लावल्यावर थांबायचं अंतर वाढतं आणि टायरवर ठिकठिकाणी खळगे पडल्यासारखी झीज होते. तळहात टायरवरून गोलाकार फिरवला तर ते खळगे कळतात. बंपर दाबून गाडी किती वेळा हलते ते पाहण्याची जुनी रीत पूर्ण मेलेला शॉक ओळखायला पुरते, अर्धा गेलेला शॉक त्यात सापडत नाही. नळीवर तेलाचा ओघळ असेल तर शॉक गेला. नुसता धुळीला ओलसरपणा असेल तर घाबरायचं कारण नाही.

दोन नळ्यांचा की एका नळीचा, हा प्रश्न नेहमी येतो. दोन नळ्यांच्या शॉकमध्ये तेल आतल्या नळीतून बुडाच्या व्हॉल्व्हमार्गे बाहेरच्या नळीत जातं, तिथे कमी दाबाचा वायू असतो. तो स्वस्त असतो, चाल मऊ असते, आणि बाहेरच्या नळीला थोडा पोचा आला तरी दट्ट्याचं काम चालू राहतं. मात्र खराब रस्त्यावर सतत दामटला की तेल तापतं, फेसाळतं आणि विरोध कमी पडतो. एका नळीच्या शॉकमध्ये तेल आणि वायू यांच्यामध्ये तरंगती चकती असते, वायूचा दाब २०-३० बारपर्यंत असतो, त्यामुळे फेस होत नाही आणि उष्णता थेट बाहेर जाते. ही रचना फ्रेंच अभियंता द कार्बों यांची. बिल्स्टाईन या कंपनीने १९५७ मध्ये ती मर्सिडीजच्या गाड्यांसाठी बनवायला घेतली. तिच्या नळीवर दगडाचा पोचा पडला तर दट्ट्या तिथेच अडतो, आणि बारीक खडबडीत रस्त्यावर ती थोडी करकरीत लागते. शहरात चालणाऱ्या कुटुंबाच्या गाडीला चांगल्या कंपनीचा दोन नळ्यांचा गॅस शॉक मला जास्त योग्य वाटतो. घाटरस्ते, भरपूर वजन, लांबचे खडबडीत पल्ले असतील तर एक नळीवाला.

एकाच कंपनीतल्या पायऱ्याही वाचता यायला हव्यात. बिल्स्टाईनचा बी४ हा मूळ शॉकच्या जागी बसणारा, बी६ तेवढ्याच लांबीचा पण जोरकस, आणि बी८ खाली बसवलेल्या गाडीसाठी आखूड केलेला. मूळ उंचीच्या गाडीला बी८ टाकला तर चाक खाली लोंबकळायला जागाच अपुरी राहते. केवायबी कंपनीत एक्सेल-जी दोन नळ्यांचा तर गॅस-अ-जस्ट एका नळीचा. कोनी कंपनीच्या पिवळ्या स्पोर्ट शॉकचा उलगडतानाचा विरोध कमीजास्त करता येतो.

लांबीचा मुद्दा इतर गाड्यांनाही तितकाच लागू आहे. उंच स्प्रिंग आणि जुना शॉक एकत्र आले तर शॉक पूर्ण उलगडून टोकाला ठक्कन थांबतो. गाडी खाली बसवणारी स्प्रिंग आणि मूळ लांबीचा शॉक एकत्र आले तर तो आतून बुडाला टेकतो आणि व्हॉल्व्ह फुटतो. स्प्रिंग खूप आखूड असेल तर जॅकवर उचललेल्या गाडीत ती सैल होऊन खोबणीतून सरकते. शॉक शेवटपर्यंत दबण्याआधी बंपस्टॉप टेकलाच पाहिजे. ते रबर-फोम काही केवळ अपघातासाठीचं नसतं, तीसुद्धा एक वाढत्या कडकपणाची स्प्रिंगच आहे. झिजून चुरा झालेला बंपस्टॉप तसाच ठेवून वर नवा शॉक बसवणं हा निव्वळ पैशांचा नाश आहे.

जिथे मागची स्प्रिंग आणि शॉक वेगवेगळ्या जागी बसतात, तिथे दोन्ही एकत्र असलेला कॉइलओव्हर टाकण्याचा मोह आवरावा. मूळ शॉकची वरची जागा फक्त शॉकचं बल झेलायला बनवलेली असते. तिथे गाडीचं वजन टांगलं की पत्र्याला भेगा जातात.

मागे बदल केला की गाडी पुढूनही बदलते

वळणावर वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातं. पुढची आणि मागची बाजू यांपैकी जी जास्त कडक, ती या सरकणाऱ्या वजनाचा जास्त वाटा उचलते. टायरवर वजन दुप्पट झालं तरी पकड दुप्पट होत नाही, म्हणून जी बाजू जास्त वाटा उचलते तिची एकूण पकड घटते. साध्या गाड्या मुद्दाम अशा जुळवलेल्या असतात की पुढची बाजू आधी सुटावी. गाडी वळणाबाहेर रुंदावते, चालक घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो आणि गाडी सावरते. फक्त मागची बाजू बरीच कडक केली तर स्टिअरिंग चपळ वाटतं, मजा येते. आणि ओल्या रस्त्यावर त्याच वळणात ॲक्सिलरेटर सोडला की मागची बाजू बाहेर येऊ शकते. मागच्या स्प्रिंगमध्ये २५-३० टक्क्यांच्या वर जायचं असेल तर पुढचाही विचार करावाच लागतो.

ब्रेकची एक गोष्ट बहुतेक ठिकाणी निसटते. काही जुन्या गाड्यांत आणि मालवाहू गाड्यांत मागच्या अॅक्सलला एका कांडीने जोडलेला व्हॉल्व्ह असतो. गाडी जितकी बसलेली तितकं वजन जास्त असं धरून तो मागच्या ब्रेकना दाब सोडतो. कडक किंवा उंच स्प्रिंग टाकली की भरलेली गाडीसुद्धा त्याला रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. गाडी खाली बसवली तर उलट, रिकाम्या गाडीची मागची चाकं आधी जाम होतात. गाडीखाली वाकून ती कांडी आहे का ते पाहावं, आणि असेल तर स्प्रिंगसोबत तिचंही सेटिंग करून घ्यावं.

हेडलाइटचा कोन बदलतो, तो पुन्हा लावावा. काचेमागे कॅमेरा असलेल्या गाड्यांत त्याचंही कॅलिब्रेशन तपासावं. विजेवर चालणारे शॉक असतील तर साधे शॉक टाकल्यावर डॅशबोर्डवर इशारा पेटेल. आणि कडक स्प्रिंगने गाडीची वजन वाहण्याची मर्यादा वाढत नाही. टायर, बेअरिंग, अॅक्सल, ब्रेक सगळं तेच आहे. कंपनीने लिहिलेला एकूण वजनाचा आकडाही तोच राहतो.

बसवताना

आधी मोजमाप. सपाट जागी, टायरमध्ये बरोबर हवा भरून, चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांचं लिहून ठेवावं. डाव्या-उजव्यात मोठा फरक असेल तर एखादी स्प्रिंग बसली आहे किंवा खालचं वेटोळं तुटलं आहे. स्प्रिंगा बहुतेकदा तिथेच तुटतात, कारण माती अडकून रंग घासला जातो आणि गंज धरतो.

शॉक असो की स्प्रिंग, नेहमी डाव्या-उजव्या जोडीने बदलावेत. गाडी जॅकवर नाही, स्टँडवर उभी करावी. मागचा शॉक काढण्याआधी अॅक्सलखाली दुसरा जॅक द्यावा. पुष्कळ गाड्यांत अॅक्सल खाली किती जावा हे शॉकच ठरवतो, आणि तो सुटला की सगळं वजन ब्रेकच्या होजवर लोंबकळतं. स्प्रिंग शॉकवरच गुंफलेली असेल तर स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय वरचा नट सोडू नये. दबलेली स्प्रिंग सुटून जीव गेलेले आहेत. हे साधन आणि सवय नसेल तर तेवढं काम गॅरेजवाल्याकडून करून घ्यावं.

दोन नळ्यांचा नवा शॉक खोक्यात आडवा पडून आलेला असतो, आतला वायू चुकीच्या जागी गेलेला असतो. तो उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण दाबून उलगडावा, मग बसवावा. दांडी पकडीने धरू नये, तिच्यावर एक ओरखडा पडला तरी सील फाटतं.

सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहणारी बाब बुशची आहे. शॉकचे आणि आर्मचे रबरी बुश आतल्या नळीला चिकटलेले असतात आणि पिळले जाऊन काम करतात. चाकं लोंबकळत असताना बोल्ट पक्के आवळले, तर गाडी खाली आल्यावर बुश कायमचे पिळलेले राहतात. उंची चुकते, चाल कडक होते आणि काही महिन्यांत रबर फाटतं. म्हणून बोल्ट आधी फक्त हाताने बसवावेत, गाडीचं वजन चाकांवर आणावं, मग टॉर्क रेंचने कंपनीच्या आकड्याला आवळावेत. गॅरेजमध्ये हे काम करून घेताना शेजारी उभं राहून एवढी एक गोष्ट जरूर पाहावी.

स्प्रिंगचं टोक आपल्या खोबणीत टेकलं आहे ना, वर-खालचे रबरी पॅड जागेवर आहेत ना, हेही चाक बसवण्याआधी पाहून घ्यावं. मागची चाकं स्वतंत्र असलेल्या गाडीत उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा वरखाली कल) आणि टो (चाकाचं आत-बाहेर वळलेलं तोंड) दोन्ही बदलतात, तेव्हा अलाइनमेंट चारही चाकांचं करावं. नव्या स्प्रिंगा पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोड्या बसतात. त्यानंतर पुन्हा तीच चार मापं घ्यावीत, बोल्ट पुन्हा तपासावेत, आणि शॉक कमीजास्त करण्याजोगे असतील तर सर्वात मऊ टोकापासून सुरुवात करून, त्याच रस्त्यावर, त्याच वजनाने, एका वेळी एकच पायरी वाढवत जावी. मागचा भाग एका हेलकाव्यात शांत होऊ लागला की तिथेच थांबावं.